त्साओ त्साओचे मरण : इतिहास, कादंबरी आणि भाष्य

१

पूर्व हान राजवटीच्या अखेरीस उत्तर चीनवर सत्ता गाजविणारा सेनानी, राज्यकर्ता आणि कवी त्साओ त्साओ (इ. स. १५५-२२०) हा चिनी इतिहासात एक पुरुष आहे आणि चिनी कथासाहित्यात दुसरा. इतिहासकार छेन शौ (२३३-२९७) याने ‘सानग्वो ची’ म्हणजे ‘तीन राज्यांचा इतिहास’ या ग्रंथात त्याची गणना असामान्य आणि युगश्रेष्ठ पुरुषांत केली. लुओ ग्वानचोंग याच्या नावावर असलेल्या ‘सानग्वो येन-यी’ या कादंबरीत मात्र तोच त्साओ त्साओ कपट, संशय आणि क्रौर्य यांचे मूर्तिमंत रूप ठरला. चिनी संगीतनाटकात त्याच्या वाट्याला पांढरा रंगविलेला चेहरा आला, आणि पांढरा चेहरा म्हणजे कपटी मनुष्य हा संकेत प्रेक्षकवर्गात रूढ झाला.

या दोन त्साओ त्साओंमधील अंतर सर्वांत स्पष्टपणे दिसते ते त्याच्या मृत्यूच्या वर्णनात. खलपुरुषाचा अंत हा कथेचा नैतिक निकाल असतो, अशी वाचकाची अपेक्षा असते. तथापि त्साओ त्साओ शय्येवर, आजारपणाने, सत्तेच्या शिखरावर असताना आणि वारसाची व्यवस्था लावून मेला. शिक्षा न होताच मेलेल्या या माणसाच्या मरणाला अर्थ कसा द्यावा, हा प्रश्न कादंबरीकारापुढे होता, तसाच त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या भाष्यकारांपुढेही होता. त्या उत्तरांचा विचार करण्यापूर्वी त्याच्या आयुष्याची रूपरेषा पाहणे आवश्यक आहे.

२

त्साओ त्साओचा जन्म इ. स. १५५ मध्ये आजच्या आन्हुई प्रांतातील पोचौ येथे झाला. त्याचा पिता त्साओ सोंग हा राजदरबारातील त्साओ थंग या प्रभावशाली षंढ अधिकाऱ्याचा दत्तक पुत्र होता, आणि राज्याच्या सर्वोच्च पदांपैकी एक पद त्याने द्रव्य मोजून मिळविले होते. या कुळाच्या उगमाचा कलंक त्साओ त्साओला आयुष्यभर चिकटून राहिला. त्याचे शत्रू जाहीरनाम्यांत त्याची हेटाळणी करीत ती याच कारणाने.

विसाव्या वर्षी राजधानी लोयांगच्या उत्तर विभागाच्या रक्षकपदावर त्याची नेमणूक झाली. त्याने वेशीवर रंगीत दंडुके टांगले आणि रात्रीची संचारबंदी मोडणाऱ्या एका बड्या षंढ अधिकाऱ्याच्या चुलत्यालाही त्याच दंडुक्यांनी मारविले. कायद्यापुढे कुळ पाहायचे नाही हा त्याचा बाणा या प्रसंगातून प्रथम दिसला. याच सुमारास माणसांची पारख करण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या श्वी शाओ याने त्याच्याविषयी अभिप्राय दिला. तो दोन पाठांत आला आहे. एका पाठानुसार तो शांततेच्या काळातील दुष्ट आणि अराजकाच्या काळातील वीर ठरेल. दुसऱ्या पाठानुसार तो सुराज्यातील कुशल मंत्री आणि अराजकातील कपटी वीर ठरेल. कादंबरीने दुसरा पाठ स्वीकारला, आणि ‘ज्येन-श्युंग’ म्हणजे ‘कपटी वीर’ हा शब्द त्साओ त्साओच्या नावाशी कायमचा जोडला गेला. या सामासिक शब्दात निंदा आणि गौरव एकत्र नांदतात. मराठीतील ‘खलनायक’ या शब्दातही नायकत्व शिल्लक आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

इ. स. १८४ मध्ये पीत-शिरस्त्राणधारी बंडखोरांचा उठाव झाला आणि हान सत्ता खिळखिळी झाली. १८९ मध्ये तुंग च्वो या सेनापतीने राजधानी ताब्यात घेतली, तेव्हा त्साओ त्साओ तेथून निसटला. या पलायनातील एक प्रसंग त्याच्या चारित्र्याचा साक्षीदार म्हणून पुढे वारंवार उभा केला गेला. परिचित ल्यू पोशे याच्या घरी तो उतरला आणि तेथील माणसे त्याच्या हातून मारली गेली. इ. स. ४२९ मध्ये छेन शौच्या ग्रंथावर टीका पूर्ण करणाऱ्या पेई सोंगची याने या प्रसंगाचे तीन वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवले आहेत. पहिल्यात घरच्या मंडळींनी लूट करण्याचा प्रयत्न केला म्हणून त्याने स्वसंरक्षणार्थ शस्त्र उचलले. दुसऱ्यात निव्वळ संशयाने त्याने रात्री आठ जणांना मारले. तिसऱ्यात भांड्यांचा आवाज ऐकून त्याचा गैरसमज झाला, आणि हत्येनंतर खिन्न होऊन, आपण इतरांवर अन्याय केला तरी चालेल, इतरांनी आपल्यावर करू नये, असे तो म्हणाला. कादंबरीने तिसरा वृत्तान्त उचलला, त्यातील खिन्नता काढून टाकली, वाटेत भेटलेल्या वृद्ध ल्यू पोशेचीही हत्या घडविली आणि त्या उद्गाराची व्याप्ती सबंध जगापर्यंत वाढविली. एका क्षणाचा विषाद अशा रीतीने जीवनाचे तत्त्वज्ञान बनला.

तथापि त्साओ त्साओच्या क्रौर्याची सारी साक्ष कल्पित नाही. १९३ मध्ये श्वीचौ प्रदेशाच्या सीमेवर त्याच्या पित्याची हत्या झाली. सूडाने पेटून त्याने त्या प्रदेशावर स्वारी केली आणि निरपराध रयतेची अशी कत्तल केली की प्रेतांनी नदीचा प्रवाह अडल्याचे इतिहासग्रंथ नमूद करतात. त्याच्या चरित्रातील हा डाग कोणत्याही पुनर्मूल्यांकनाने पुसता येणारा नाही.

इ. स. १९६ मध्ये निराधार फिरणाऱ्या हान सम्राट श्येनला त्याने श्वी नगरात आश्रय दिला. सम्राटाच्या नावाने आज्ञा काढण्याचे सामर्थ्य त्यामुळे त्याच्या हाती आले. याच वर्षी ओसाड जमिनींवर निर्वासित आणि सैनिक यांना वसवून शेती करविण्याची योजना त्याने सुरू केली, आणि दुष्काळाने होरपळलेल्या उत्तर चीनमध्ये सैन्याला पोसण्याची सोय झाली. २०० मध्ये ग्वानतू येथे त्याने आपल्याहून कितीतरी प्रबळ अशा युआन शाओचा, त्याचा धान्यसाठा जाळून, पराभव केला. विजयानंतर शत्रूच्या दप्तरात त्याच्याच अधिकाऱ्यांची फितुरीची पत्रे सापडली. ती न वाचता त्याने जाळून टाकली. हा प्रसंग कादंबरीनेही वगळलेला नाही. त्साओ त्साओच्या मोठेपणाचे असे तुकडे तिच्यात सर्वत्र विखुरले आहेत.

३

२०८ मध्ये तो महामंत्री झाला, आणि त्याच वर्षी यांगत्से नदीवरील रक्तशिळेच्या लढाईत सुन छ्वान आणि लिऊ बेई यांच्या संयुक्त सैन्याने त्याचे दक्षिण जिंकण्याचे स्वप्न मोडले. विद्वान खोंग रोंगचा वध त्याने याच वर्षी करविला. वैद्य हुआ तुओ याचाही मृत्यू २०८ किंवा त्यापूर्वीचा आहे. त्साओ त्साओला जुनाट मस्तकशूळ होता आणि हुआ तुओ सुया टोचून तो शमवीत असे. पत्नीच्या आजाराचे निमित्त सांगून तो घरी गेला आणि परतण्याचे टाळत राहिला; लबाडी उघड झाल्यावर त्याला तुरुंगात टाकून ठार करण्यात आले. पुढे लाडका मुलगा त्साओ छोंग आजारी पडून मरण पावला, तेव्हा हुआ तुओला मारल्याचा त्साओ त्साओला पश्चात्ताप झाला, असे छेन शौ सांगतो.

२१० मध्ये त्याने दोन उल्लेखनीय फर्माने काढली. एकात, शील संशयास्पद असले तरी गुणी माणसांना पुढे आणावे असे आवाहन होते. दुसऱ्यात त्याने स्वतःच्या महत्त्वाकांक्षेचा हिशेब मांडला. सिंहासन बळकावण्याची आपली इच्छा नाही, परंतु सैन्य सोडून देणेही आपल्याला परवडणारे नाही, असे त्याने त्यात मोकळेपणाने कबूल केले. २१३ मध्ये तो वेईचा सरदार आणि २१६ मध्ये वेईचा राजा झाला. दरम्यान २१४ मध्ये सम्राज्ञी फू हिने त्याच्याविरुद्ध लिहिलेले पत्र उघड झाल्यावर तिचा आणि तिच्या पुत्रांचा अंत करण्यात आला. सम्राट मात्र सिंहासनावर राहिला. त्साओ त्साओने शेवटपर्यंत हान सम्राटाचा मुकुट स्वतःच्या मस्तकावर ठेवला नाही.

याच माणसाने जुन्या लोकगीतांच्या चालींवर युद्धात पांढऱ्या पडलेल्या हाडांविषयी, हिमाने गोठलेल्या डोंगरवाटांविषयी, समुद्राविषयी आणि आयुष्याच्या अल्पपणाविषयी कविता लिहिल्या. ‘च्येन-आन’ कालखंडाच्या काव्याचा तो एक प्रवर्तक होता. त्याचे पुत्र त्साओ फी आणि त्साओ ची हेही त्या कालखंडाचे प्रमुख साहित्यिक होत. सुन त्सूच्या युद्धशास्त्रावरील आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने भाष्यही त्याचेच आहे.

२१९ मध्ये हानचोंगचे खोरे लिऊ बेईने जिंकले. त्या वर्षाच्या चांद्र गणनेतील शेवटच्या महिन्यात लिऊ बेईचा सेनापती ग्वान यू सुन छ्वानच्या सैन्याकडून मारला गेला. त्याचे शिर सुन छ्वानने त्साओ त्साओकडे पाठविले आणि त्याने ते सन्मानाने दफन केले. पुढच्याच महिन्यात, १५ मार्च २२० रोजी, त्साओ त्साओ लोयांग येथे मरण पावला. चिनी गणनेने तो त्या वेळी ६६ वर्षांचा होता. अंत्यविधी साधे असावेत, सैन्याने ठाणी सोडू नयेत, कबरीत सोने-रत्ने ठेवू नयेत, अशी त्याची शेवटची आज्ञा होती. वर्षअखेरीस त्साओ फीने हान सम्राटाला पदत्याग करायला लावला आणि पित्याला मरणोत्तर सम्राटपद दिले.

४

कादंबरीचा सर्वांत जुना उपलब्ध मुद्रित पाठ १५२२ चा आहे. आज सर्वत्र वाचला जाणारा १२० प्रकरणांचा पाठ माओ लुन आणि त्याचा पुत्र माओ त्सोंगकांग यांनी १७ व्या शतकात संस्कारित केला. त्यातील ७८ व्या प्रकरणात त्साओ त्साओ मरतो, परंतु त्याच्या मरणाची सुरुवात ७७ व्या प्रकरणातच झालेली असते. पेटीतून आलेल्या ग्वान यूच्या शिराकडे पाहून तो उपहासाने बोलतो. शिराचे डोळे हलतात, मुख उघडते, आणि त्साओ त्साओ मूर्च्छित होतो. त्यानंतर त्याला रोज रात्री ग्वान यू दिसू लागतो. नवा प्रासाद बांधण्यासाठी तो एका देवस्थानाजवळचा नास्पतीचा पुरातन वृक्ष तोडण्याची आज्ञा देतो. कुऱ्हाड चालत नाही, म्हणून स्वतः तलवार चालवितो, तेव्हा वृक्षातून रक्त उडते. मस्तकशूळ असह्य होतो. हुआ तुओ येतो, भूल देणारे औषध पाजून कवटी उघडण्याचा उपाय सुचवितो, आणि ग्वान यूचा सूड घेण्यासाठी हा आपल्याला मारणार असा संशय घेऊन त्साओ त्साओ त्याला तुरुंगात टाकतो. शेवटी सम्राज्ञी फू आणि त्याने मारविलेली इतर वीसेक माणसे रक्ताने माखलेली ढगांत उभी दिसतात. शांतिकर्म करण्याची सूचना तो नाकारतो. दैवाचा अपराध केलेल्याला प्रार्थना तारू शकत नाही, हे त्याला कळून चुकलेले असते.

या रचनेतील घटक बहुतांशी उसने आहेत. वृक्षातून रक्त आल्याची वार्ता पेई सोंगचीच्या टीपांत आहे. ग्वान यूचे शिर आणि त्साओ त्साओचा मृत्यू यांतील कालसामीप्य खरे आहे. कादंबरीकाराने केले ते कालक्रमाचे स्थलांतर. किमान बारा वर्षांपूर्वी मेलेला हुआ तुओ त्याने मरणशय्येपाशी आणला. त्यामुळे इतिहासात पश्चात्तापाचे कारण असलेली हत्या कादंबरीत मृत्यूचे कारण बनली. संशय हा त्साओ त्साओचा स्थायी दोष. त्याच दोषामुळे तो बरे करू शकणाऱ्या एकमेव माणसाचा बळी घेतो. बाह्य शिक्षा उपलब्ध नसताना खलपुरुषाला त्याच्याच स्वभावाने मारण्याची ही योजना अलौकिक प्रसंगांपेक्षा अधिक परिणामकारक आहे. हुआ तुओच्या ग्रंथाबाबतही असाच बदल आहे. इतिहासात तुरुंगरक्षक तो घ्यायला घाबरतो आणि वैद्य स्वतःच तो जाळतो. कादंबरीत रक्षक तो स्वीकारतो, पण त्याची पत्नी तो जाळते आणि पशुपक्ष्यांच्या खच्चीकरणाची तेवढी पाने उरतात. एका माणसाच्या संशयाने सबंध जगाचे नुकसान केले, हा आरोप त्यातून सिद्ध होतो.

या कथेच्या घडणीत भारतीय धागेही आहेत. इतिहासकार छेन यिन्ख याने १९३० मध्ये हुआ तुओच्या आख्यायिकांचा संबंध बौद्ध कथांशी जोडला आणि त्याच्या नावामागे संस्कृत ‘अगद’ हा शब्द असावा असे सुचविले. पाली ‘महावग्गा’त राजगृहाच्या श्रेष्ठीचा जुनाट मस्तकशूळ जीवक वैद्य कवटी उघडून बरा करतो, ही कथा मराठी अभ्यासकांना अपरिचित नाही. श्रेष्ठी वैद्यावर विश्वास ठेवतो आणि जगतो; त्साओ त्साओ ठेवीत नाही आणि मरतो. कर्मविचाराचा प्रभाव तर चौदाव्या शतकाच्या प्रारंभी मुद्रित झालेल्या ‘सानग्वो ची फिंगह्वा’ या कथाग्रंथात उघड आहे. तेथे हान राजवटीच्या संस्थापकाने अन्यायाने मारलेला सेनापती हान शिन हाच त्साओ त्साओ म्हणून जन्मतो, आणि तो संस्थापक सम्राट श्येन होऊन त्याच्या हाती सापडतो. या दृष्टीने त्साओ त्साओ हा अपराधी नसून जुन्या ऋणाची वसुली करणारा ठरतो. कादंबरीने ही चौकट वगळली आणि त्याच्या कृत्यांची जबाबदारी त्याच्याकडे परत दिली.

५

भाष्यकारांचा वाद मात्र भुते आणि वृक्ष यांविषयी नाही. तो मृत्युपत्राविषयी आहे. २९८ मध्ये लू ची (२६१-३०३) या कवीला राजग्रंथालयात त्साओ त्साओची अंतिम आज्ञा पाहायला मिळाली आणि त्याने त्यावर शोकरचना केली. लू ची हा त्साओ त्साओच्या शत्रुराज्यातील, वूमधील, सेनापतीचा नातू होता. उरलेली सुगंधी द्रव्ये अंतःपुरातील स्त्रियांना वाटून द्यावीत, त्यांना काम नसेल तर त्यांनी जोडे बनवायला शिकून ते विकावेत, ताम्रपक्षी प्रासादावर राहून ठरावीक दिवशी संगीत सादर करावे, असे तपशील त्या आज्ञेत होते. धाकट्या लेकरांना मोठ्या मुलांच्या हाती सोपविताना तो रडला होता. जग हलविणारा पुरुष अखेरीस सुगंध आणि जोडे यांची काळजी करतो, हे पाहून लू ची हेलावला. त्याच्या रचनेत दोषारोप आहे, पण त्याहून अधिक मर्त्यतेचे भान आहे.

अकराव्या शतकात सू तुंगपो (१०३७-११०१) याने खोंग रोंगची प्रशस्ती लिहिताना हाच तपशील उलट वापरला. निर्भय मरण हे थोरवीचे लक्षण; बायकामुलांना धरून रडणारा त्साओ त्साओ आयुष्यभर ढोंग करीत आला आणि मरताना त्याचे खरे, क्षुद्र रूप उघडे पडले. याच्याही पुढे सीमा ग्वांग (१०१९-१०८६) गेला. त्याच्या मते रडणे आणि जोड्यांची व्यवस्था हीच कपटाची परमावधी होती. मरताना सर्वांत मोठा प्रश्न हान सिंहासनाचा होता, आणि नेमक्या त्याविषयी मृत्युपत्र मौन पाळते. राज्य हिरावण्याचे पाप पुत्रावर टाकून स्वतः हानचा सेवक म्हणून मरण्याची ही योजना होती. माओ त्सोंगकांगने आपल्या भाष्यात हाच अन्वय पुढे नेला आणि मरताना सत्य प्रकटले हे मत स्पष्टपणे खोडून काढले. त्याच्या योजनेत चुगे ल्यांग हा प्रज्ञेची, ग्वान यू हा निष्ठेची आणि त्साओ त्साओ हा कपटाची परिसीमा आहे. परिसीमेला अपवाद परवडत नाही. म्हणून अश्रूही कपटाच्या खात्यात जमा करावे लागतात.

या अन्वयातील अडचण अशी की तो कोणत्याही पुराव्याने खोटा ठरू शकत नाही. सिंहासनाविषयी तो बोलला असता तर महत्त्वाकांक्षा सिद्ध झाली असती. बोलला नाही म्हणून कावा सिद्ध होतो. निकाल आधी आणि साक्ष नंतर, असा हा क्रम आहे. त्यामागे राजकीय अनुभव होता हे खरे. ११२७ मध्ये उत्तर चीन परकीयांच्या हाती गेल्यावर दक्षिणेतील सुंग विद्वानांना शूच्या निर्वासित राज्यात स्वतःची प्रतिमा दिसली, आणि चू शीच्या परंपरेने वैधतेचा मान वेईकडून काढून शूला दिला. माओनेही मिंग राजवटीच्या १६४४ मधील पतनानंतर लिहिले. पण लोकमानस त्याआधीच ठरलेले होते. लिऊ बेई हरला की गल्लीतील मुले रडत आणि त्साओ त्साओ हरला की आनंदत, ही नोंद सू तुंगपोच्याच लिखाणात आढळते.

पेई सोंगचीच्या टीकेत ‘वेई ल्युए’ या ग्रंथातून घेतलेला मरणशय्येचा आणखी एक वृत्तान्त आहे. त्साओ त्साओचा ज्येष्ठ पुत्र त्साओ आंग १९७ मध्ये पित्याच्या चुकीमुळे उद्भवलेल्या लढाईत मारला गेला. त्याला वाढविणाऱ्या तिंग या पत्नीने पतीला क्षमा केली नाही आणि ती माहेरी गेली. तो तिला आणायला गेला, तेव्हा मागावर बसलेली ती वळूनही पाहायला तयार झाली नाही. मरताना त्याने सांगितले की गतायुष्याबद्दल मनात सल नाही. परंतु परलोकात आंगने आपली आई कोठे आहे असे विचारले तर काय उत्तर द्यावे, हे कळत नाही. माओच्या पाठात या वृत्तान्ताला स्थान नाही, आणि ते स्वाभाविक आहे. येथे कोणालाही फसविण्यासारखे काही नाही, त्यामुळे कपटाच्या परिसीमेत तो बसत नाही.

६

विसाव्या शतकात लू शुनने १९२७ च्या व्याख्यानात त्साओ त्साओच्या कर्तृत्वाचा आणि साहित्यिक महत्त्वाचा उघड गौरव केला. १९५९ मध्ये ग्वो मोरोने लेख आणि ‘त्साय वन-ची’ हे नाटक लिहून त्याच्यावरील निकाल फिरविण्याची मागणी केली, आणि इतिहासकारांत मोठा वाद झाला. हे पुनर्मूल्यांकनही आपल्या काळाच्या गरजांपासून मुक्त नव्हते.

कादंबरीतील शेवटचा आरोप मात्र जमिनीत तपासता आला. कबर सापडू नये म्हणून त्याने ७२ खोट्या कबरी बांधविल्या, असे कादंबरी सांगते. ये नगराजवळचे अनेक उंचवटे लोक त्याच कबरी म्हणून दाखवीत. ते पुष्कळ नंतरच्या, उत्तर राजवंशांच्या काळातील कबरींचे निघाले. २००९ च्या डिसेंबरात हनान प्रांतातील आन्यांगजवळच्या शीकाओश्युए येथे त्याची कबर मिळाल्याचे जाहीर झाले. ती अनेकदा लुटली गेली होती. तीत सुमारे साठ वर्षांच्या पुरुषाचे अवशेष आणि ‘वेईचा राजा वू’ या नावाने कोरलेल्या शिलापट्टिका सापडल्या. हे नाव त्याच्या मृत्यूपासून पुत्राच्या राज्यारोहणापर्यंतच्या काही महिन्यांशी जुळते. निष्कर्षावर आक्षेपही घेतले गेले. परंतु जागा त्याच्या २१८ च्या आज्ञेशी सुसंगत आहे. कबर कोठे असावी हे त्या आज्ञेने उघडपणे सांगितले होते. फक्त उंचवटा करू नये आणि झाडे लावू नयेत, एवढीच तिची अट होती. ज्याने जागा जाहीर केली त्याच्यावर ती लपविल्याचा आरोप सहा-सात शतके टिकला.

म्हणून कादंबरीचे ७८ वे प्रकरण असत्य ठरवून बाजूला ठेवता येत नाही. श्वीचौच्या रयतेला आणि सम्राज्ञी फूला इतिहासात न्याय मिळाला नाही. ढगांतील रक्ताळलेल्या आकृती हा त्यांना मिळालेला एकमेव दरबार आहे. खुद्द त्या प्रकरणातही मृत्यूनंतर येणारे दीर्घ काव्य त्साओ त्साओच्या मोठेपणाची कबुली देते आणि भाष्यापेक्षा अधिक समतोल ठेवते. कादंबरीकाराला न्याय हवा होता, भाष्यकाराला सुसंगती. सुगंध वाटून देणारा, जोड्यांची चिंता करणारा आणि मृत पुत्राला काय उत्तर द्यावे या विचाराने व्याकूळ झालेला माणूस या दोन्ही गरजांत पुरता मावत नाही. त्याच्या अखेरच्या शब्दांचे वाचन करणाऱ्या प्रत्येकाने त्यांत आपला निकालच वाचला आहे, आणि लू चीसारखा शत्रुकुळातील वाचक त्यांतल्या त्यात कमी निकाल घेऊन आला होता, हे चिनी वाङ्मयेतिहासाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.